अजिबात नाही

"गेल्या आठवड्यात मळमळ, उलट्या?"

"अजिबात नाही."

"भूक मंदावली?"

"चांगली लागते."

"काका, 'चांगली लागते' असा पर्यायच नाही इथं. अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप. यातलं एक सांगा."

"मग अजिबात नाही."

रेश्मा मुजावरनं कागदावर खूण केली. पंचविशीची मुलगी, कोल्हापूरची. ती त्या रुग्णालयात समाजसेविका होती. केमोच्या प्रत्येक डोसआधी पेशंटच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचं, तीसेक प्रश्न विचारायचे आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. झोप लागते का, जिने चढवतात का, मन कशात लागतं का, असे साधेच प्रश्न. आजार कसा आहे ते रिपोर्टवरून कळतं, माणूस कसा आहे ते या कागदावरून कळतं, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. दिगंबर शिवलकर, राहणार रत्नागिरी, मिरकरवाडा बंदरात मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून तपासायला गेलो आणि डाव्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, फुफ्फुसाचा खालचा भाग काढला. मागे काही शिल्लक राहिलं असेल तर ते मारायला दर तीन आठवड्यांनी एक, असे चार डोस घ्यायचे ठरले. दोन झाले होते. त्या सोमवारी सकाळी तिसरा होता. हाताला सुई टोचून झाली होती. बाटली लावायची तेवढी बाकी होती.

"झोप?"

"गाढ लागते."

रेश्मानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

"झोपेचा त्रास अजिबात नाही," मी म्हणालो.

माझ्या पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझी बायको प्रमिला मोसंबं सोलत बसली होती. ती एकेका फोडीवरची पांढरी साल नखानं काढत होती. वर बघत नव्हती. त्या सकाळी लॉजवर मी नळ मोठा सोडून दोनदा ओकलो होतो. आदल्या आठवड्यात पोटात टिकलं ते बिस्किट आणि पेज. तोंडाला सारखी पत्र्याची चव. नऊ किलो वजन उतरलं होतं आणि पट्ट्याला घरीच खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. वजन कमी झालेलं काट्यावर दिसायचंच, त्यावर मी 'ऑपरेशननंतर आहार सांभाळतोय' असं सांगून ठेवलं होतं.

"आता शेवटून दुसरा. गेल्या आठवड्यातलं तुमचं एकंदर जगणं कसं होतं? एक म्हणजे फार वाईट, सात म्हणजे उत्तम."

"सात."

"सातपैकी सात?" ती हसली. "काका, मला स्वतःला कधी सात देता येत नाहीत. गेल्या आठवड्यात माझी स्कूटर बंद पडली, मी चार दिले असते."

"आण माझ्याकडे, बघतो."

"बघा हं, आणीन. शेवटचा. आजारामुळे घरच्या माणसांशी वागण्याबोलण्यात काही अडचण आली?"

"अजिबात नाही."

"'खूप' लिहा," प्रमिला म्हणाली.

तिनं हे मोसंब्याकडे बघतच म्हटलं. रेश्माचा पेन कागदावर टेकलेला होता, तो तिनं उचलला.

"काकू, हा कागद काकांचा आहे. उत्तर त्यांचंच लिहावं लागतं."

"मग माझं उत्तर कुठल्या कागदावर लिहायचं?"

"प्रमिला," मी म्हणालो, "आत्ता नको."

"मग कधी?" तिनं सोललेलं मोसंबं पिशवीवर ठेवलं, हात पदराला पुसले. आमच्या लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती, आणि चारचौघांत माझं बोलणं तिनं कधी तोडलं नव्हतं. "रेश्मा, यांना ऐकू येत नाहीये. तुमच्या कागदावर कानाचं काही विचारलेलं दिसलं नाही, म्हणून मी सांगते."

"काहीतरीच. मी हिच्याशी बोलतोय तो काय बघून?"

"ती तुमच्या समोर बसून बोलतेय. तिचं तोंड दिसतंय तुम्हाला." मग ती रेश्माकडे वळली. "ताप येतो का ते बघायला तुम्ही तो आकड्यांचा थर्मामीटर दिला होता ना, मी रोज संध्याकाळी यांच्या काखेत लावते. झालं की तो वाजतो. मागच्या डोसनंतर चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. थर्मामीटर वाजला, मला आतपर्यंत ऐकू आलं. बाहेर येऊन बघते तर हे तसेच बसलेले, हात दाबून. पाच मिनिटं, सहा मिनिटं. शेवटी मीच काढला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम समोर उभी राहिले. वाजला. यांनी डोळासुद्धा हलवला नाही."

मला ते माहीतच नव्हतं. थर्मामीटर वाजतो हे मी विसरून गेलो होतो. कानात सारखा रातकिड्यांसारखा किर्र आवाज होता, त्याची मात्र मला सवय झाली होती.

"काका, कानात आवाज येतो का काही?" रेश्मानं विचारलं. आता ती हसत नव्हती.

"इंजिनाच्या खोलीत तीस वर्षं काढली. सगळ्यांच्याच येतो."

"आणि इक्बालभाईंची बोट?" प्रमिला म्हणाली.

ते तिला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

इक्बाल मुकादमच्या बोटीचं इंजिन गेली अठरा वर्षं मीच बघत होतो. दुसऱ्या डोसनंतर बरा आहे असं दाखवायला मी एक दिवस बंदरावर गेलो, तर त्यानं मला हाताला धरून बोटीत नेलं. इंजिन चालू केलं. मी नेहमीसारखा डोळे मिटून उभा राहिलो. माझं सगळं नाव या कानांवर होतं. झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून मी दोष सांगायचो. त्या दिवशी मला धडधड ऐकू आली, नेहमीची, जाड, व्यवस्थित. मी म्हणालो, घेऊन जा, काही नाही. इंजिनातून हवा गळत होती आणि त्याची बारीक शीळ येत होती, ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी बोट किनाऱ्यापासून बारा मैलांवर बंद पडली. सात माणसं होती वर. दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. इक्बाल मला म्हणाला, होतं असं कधी कधी, दिगूभाऊ. त्यानंतर मी बंदरावर गेलो नव्हतो.

रेश्मा उठली. सलाईनची बाटली घेऊन नर्स येत होती, तिला तिनं मध्येच थांबवलं. "सिस्टर, यांचं आत्ता लावू नका. मॅडमना बोलावते."

मी सुई टोचलेल्या हातानंच तिची ओढणी धरली. असं मी कधी कुणाशी वागलो नाही, पण धरली.

"बाळ, थांब. मॅडमना सांगू नकोस. ते बंद करतील."

"काय बंद करतील?"

"डोस. घरी पाठवतील मला."

ती परत स्टुलावर बसली. "तुम्हाला कोण म्हणालं असं?"

कुणी म्हणालं नव्हतं, मी बघितलं होतं. पहिल्या डोसच्या वेळी शेजारच्या खुर्चीत गडहिंग्लजचे एक निवृत्त मास्तर होते. गप्पिष्ट माणूस. आजार त्यांचा माझाच, फुफ्फुसाचा. रेश्माच्या प्रत्येक प्रश्नाला ते 'खूप' म्हणत होते. खूप थकवा, खूप दम, जेवण नको, हे आता सहन होत नाही. तासाभरानं डॉक्टर आल्या, मास्तरांच्या मुलाला बाहेर घेऊन गेल्या. मुलगा परत आला तो डोळे पुसतच. त्या दिवशी मास्तरांना बाटली लागलीच नाही. जाताना त्यांनी मला हात केला. पुढच्या वेळी मी त्यांची चौकशी केली तेव्हा कळलं, आता ते येणार नाहीत.

त्या दिवसापासून मी एवढं पक्कं केलं, की इथे 'खूप' म्हणायचं नाही. 'थोडं'सुद्धा म्हणायचं नाही. अजिबात नाही म्हणत राहायचं आणि चारही बाटल्या पदरात पाडून घ्यायच्या.

हे मी रेश्माला सांगितलं तेव्हा प्रमिला ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं मी पुरुषीपणानं लपवतोय.

डॉक्टर इंगवले मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, मोजकं बोलणाऱ्या. उभ्याउभ्याच त्यांनी रेश्माचं सगळं ऐकून घेतलं, माझा कागद बघितला, आधीचे दोन कागद मागवून तेही बघितले. तिन्हींवर एका रांगेत त्याच खुणा.

"शिवलकर, मी याच्यावरून औषध ठरवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला चुकीचं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देणार. किडनीचा आकडाही या वेळी वाढलाय, मला कळेना का. किती दिवस ओकताय?"

"पहिल्यापासून."

"पाणी टिकत नसणार. म्हणून वाढलाय." त्यांनी पेन खिशाला लावला. "दुसऱ्या पेशंटबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही. पण त्रास सांगितला म्हणून मी अजून कुणाला घरी पाठवलेलं नाही. तुमचा आजार वेगळा, तुमचं ऑपरेशन चांगलं झालंय. आज बाटली नाही लावायची. आधी कान तपासून या, मग बोलू."

"म्हणजे बंद?"

"आज नाही म्हणाले मी. बंद म्हणाले का?"

पण मला ते तसंच ऐकू आलं.

कान तपासायचं पलीकडच्या इमारतीत होतं. नंबर यायला वेळ होता. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. प्रमिला माझ्या उजव्या बाजूला बसली होती, ती उठली आणि डाव्या बाजूला आली.

"का उठलीस?"

"या बाजूनं जरा बरं ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली.

मी बाकावर तिच्याकडे वळून बसलो. मग विचारलं, "कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वाटायचं आज सांगतील. नळाचा आवाज सुरू झाला की मी बाहेर दाराला टेकून उभी राहायचे. तुम्ही बाहेर यायच्या आत परत गॅसपाशी. मग तुम्ही यायचात आणि म्हणायचात, आज मस्त वाटतंय. तुम्ही बरे आहात असं म्हणता, मग मला रडायचीही सोय राहिली नाही."

"मला वाटत होतं, तू हल्ली पुटपुटतेस."

"काय?"

"बोलताना. तोंडातल्या तोंडात बोलतेस असं वाटायचं. म्हणून तुझ्यावर ओरडायचो मी."

ती माझ्याकडे वळली. "अहो, मी ओरडत होते. शेजारच्या नार्वेकरांना माझा शब्द न् शब्द कळत होता. त्या दिवशी माझ्या बहिणीसमोर तुम्ही म्हणालात, नीट बोलता येत नसेल तर तोंड बंद ठेव. मी दोन दिवस तोंड बंद ठेवलं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

खरंच कळलं नव्हतं. घर शांत आहे, बरं वाटतंय, एवढंच मला वाटलं होतं.

तेवढ्यात आमचा नंबर आला.

काचेची एक लहान खोली होती. कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग मध्यम. मग काहीच नाही. मला वाटलं, तपासणारा मुलगा थांबलाय. पण काचेपलीकडे त्याचा हात हलत होता. त्याच्यामागे प्रमिला उभी होती. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. त्या मुलानं एकदा हात हलवला, दुसऱ्यांदा हलवला, आणि तिनं स्वतःचा अंगठा हळूच मुठीत मिटला. मी खोटं दाबू शकत होतो. तेवढं सुचलं मला. मी बटण मांडीवर ठेवून दिलं.

दुपारी दोन वाजता आम्ही परत इंगवले मॅडमसमोर बसलो. रेश्मा दारापाशी उभी होती. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. एक रेघ सरळ जात होती आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली होती.

"बारीक, वरचे आवाज गेलेत," त्या म्हणाल्या. "थोडे इंजिनांनी आधीच नेले असणार. बाकीचे आपल्या औषधानं. हे औषध काही जणांच्या कानाला बाधतं. कान घणघणायला लागले की पेशंटनं सांगायचं असतं."

"परत येतील?"

"गेलेले येतील असं मी सांगत नाही. पण जे आहेत ते राहतील. हेच आणखी दोन डोस दिले असते तर माणसांचं बोलणंही गेलं असतं." त्यांनी प्रमिलाकडे बघितलं. "बरं झालं तुम्ही बोललात."

मी विचारायचं ते विचारलं. "आता पुढे काय?"

"त्याच जातीचं दुसरं औषध आहे. कानाला, किडनीला सौम्य. आज रात्रभर साधं सलाईन चढवू, उद्या सकाळी आकडा बघू आणि खाली आला की तिसरा डोस देऊ. तीन आठवड्यांनी चौथा. ठरल्याप्रमाणे."

"चारही मिळणार?"

"चारही."

"आणि हे सौम्य, म्हणजे कमी पडायचं नाही ना?"

"तुमच्या बाबतीत मला ते बरोबर वाटतं. ओकून ओकून अर्ध्या झालेल्या माणसाला कडक औषध देत राहण्यापेक्षा नक्की बरोबर." मग त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "आणि उलटीसाठी ही गोळी. डोसच्या आधी एक, मग दोन दिवस एकेक."

"एवढीच?"

"एवढीच. पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर पहिल्याच वेळी दिली असती."

दीड महिना मी नळ सोडून ओकत होतो ते त्या गोळीवाचून. मला हसू आलं. खोकला येईल म्हणून दाबून धरलं तरी थांबेना, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. रेश्मानं पाण्याचा ग्लास आणून दिला. प्रमिला हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिनं फक्त पिशवीच्या तळातून मघाचं मोसंबं काढलं, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली.

बाहेर आल्यावर रेश्मा म्हणाली, "काका, कागद परत भरायचा का? पहिल्यापासून?"

आम्ही परत भरला. पाऊण तास लागला. या वेळी प्रमिला शेजारी बसली होती आणि मी 'थोडं' म्हणालो की ती 'बरंच' म्हणायची. दोन ठिकाणी आमचं भांडणही झालं. रेश्मानं दोन्ही वेळा माझंच लिहिलं.

मंगळवारी आकडा खाली आला आणि तिसरा डोस मिळाला. बुधवारी दुपारी आम्ही रत्नागिरीची एसटी धरली.

बारीक आवाज परत आले नाहीत. मी बंदरावर जाऊन इक्बालला स्वतः सांगितलं की माझे कान आता अर्धेच आहेत. झाकण उघडून, हात लावून बघीन, नुसतं ऐकून सांगणार नाही. तो म्हणाला, मग उघड की, तुला कुणी अडवलंय. चौथा डोस झाला, तपासण्या झाल्या, पुढे वर्षाला एकदा कोल्हापूरला जायचं आणि काही निघालं नाही म्हणून परत यायचं, असं चाललंय. पण हे सगळं नंतरचं.

त्या बुधवारी एसटीत खिडकीजवळ मी बसलो होतो. याआधीच्या दोन्ही परतीच्या प्रवासांत आंबा घाटात माझी आतडी पिळवटून निघाली होती आणि प्रमिलाला मी सांगितलं होतं, वळणं लागतात. या वेळी घाट सुरू झाला तसा मी पुढच्या सीटचा दांडा धरून वाट बघत बसलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. काही झालं नाही. पोटात थोडी ढवळाढवळ होती, पण ती नुसतीच होती, वर येत नव्हती.

"मला जरा मळमळतंय," मी प्रमिलाला म्हणालो. "फार नाही. थोडं."

उत्तर आलं नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून वळून बघितलं. ती झोपली होती. डोकं सीटच्या पाठीवरून घसरून माझ्या खांद्यावर आलेलं, तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवरून पायांशी पडलेली. गाडी वळणावर झुकली की तिचं सगळं वजन माझ्यावर यायचं. ऑपरेशनच्या बाजूला दुखत होतं, पण मी हललो नाही.

साखरप्याला गाडी चहासाठी थांबली. लोक उतरले, दारं आपटली, कुणीतरी कुणाला मोठ्यानं हाक मारली. तिला जाग आली नाही. खिडकीशी आलेल्या चहावाल्याकडून मी दोन चहा घेतले, एक प्यालो आणि दुसरा हातात धरून ठेवला. तिला उठवावं असं दोनदा मनात आलं. चहावर साय धरली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, तेव्हा मी तोही पिऊन टाकला आणि रत्नागिरी येईपर्यंत तिला झोपू दिलं.